रात्री तीनची थाळी

"ह्यांचा स्वभाव आधी असा नव्हता हो, मॅडम."

हे वाक्य मी दाराशी ऐकते. नवऱ्याची साखर वाढली म्हणून किंवा पोट सुटलं म्हणून दोघं आलेले असतात. बोलणं संपतं, नवरा बाहेर चपला घालत असतो आणि बाई आवाज खाली करून सांगते. नाइट लागली की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पोरानं टीव्ही लावला की हे अंगावर धावून जातात. सुट्टीच्या दिवशी नुसते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मग मी तिला परत बसवते, नवऱ्यालाही आत बोलावते आणि विचारते, "दादा, रात्री तीन वाजता काय खाता?"

रावेतला आहारतज्ज्ञ म्हणून काम करायचं तर पाळ्यांचं वेळापत्रक तोंडपाठ असावं लागतं. बाहेरच्या माणसाला रावेत म्हटलं की बास्केट ब्रिज आठवतो, उंच सोसायट्या आठवतात, एक्स्प्रेसवेला लागायचा रस्ता आठवतो. पण या सोसायट्यांत हिंजवडीला जाणारे संगणकवाले राहतात, तसेच चाकणच्या लाइनवर गाड्या जोडणारे, तळेगावला प्रेस चालवणारे, भोसरीच्या छोट्या वर्कशॉपात लेथवर उभे राहणारेही राहतात. रात्री मुकाई चौकात थांबलात तर कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं दिसतील. पाठीला सॅक, पायात सेफ्टी शूज. बायका बहुतेकदा त्या सॅकमध्ये डबा देत नाहीत, कारण कंपनीत कॅन्टीन असतं. म्हणजे दिवसातलं सगळ्यात अवघड जेवण घराच्या नजरेबाहेर होतं.

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आमच्या घरी आईला तीन पाळ्यांचे तीन स्वयंपाक करावे लागायचे. फर्स्टला पहाटे चपाती-भाजी, सेकंडला दुपारी पोटभर जेवण आणि वर डबा. नाइट असली की तिचा नेम वेगळा होता. रात्री साडेआठला गरम भाकरी, पिठलं किंवा मटकीची उसळ, कांदा, ताक. बरोबर फक्त फुटाणे आणि शेंगदाण्यांची पुरचुंडी. सकाळी वडील आले की कपभर दुधात कुस्करलेली भाकरी, आणि मग खिडकीला चादर लावून झोप. वडिलांनी कधी जास्तीचं मागितलं तर ती म्हणायची, "रात्री पोटाला कामाला लावू नका." तिनं हे कुठं वाचलं नव्हतं. तिच्या सासूकडून आलं होतं की स्वतः पाहून ठरवलं होतं, तेही मी कधी विचारलं नाही. मी आहारशास्त्र शिकले, नोकरी केली, रावेतला छोटा दवाखाना काढला, आणि २०२२ मध्ये एका अमेरिकन प्रयोगाचा निष्कर्ष वाचताना मला आईची ती पुरचुंडी डोळ्यांपुढे दिसली.

तो प्रयोग बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये झाला. एकोणीस निरोगी माणसांना तिथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत ठेवलं, बाहेरच्या उजेडापासून आणि घड्याळापासून दूर, आणि त्यांचं झोपणं-उठणं हळूहळू सरकवत रात्रपाळीसारखं केलं. मग दोन गट. एका गटानं रात्रपाळीवाला जेवतो तसं दिवसाही खाल्लं आणि रात्रीही. दुसऱ्या गटानं तेवढंच जागरण केलं, पण खाल्लं ते फक्त दिवसाच्या वेळेत. रात्रीही खाणाऱ्यांच्या मनाची उदासी मूळ पातळीपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी आणि घबराट १६ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा खाणाऱ्यांमध्ये ही वाढ दिसलीच नाही. जागरण दोघांनाही सारखंच होतं. फरक होता ताटाच्या वेळेचा.

एकोणीस माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि प्रयोगशाळा म्हणजे चाकणची असेंब्ली लाइन नव्हे. एवढ्यावर कुणी नियम लिहून काढू नये. पण त्यामागचं कारण शरीरशास्त्रात चांगलं रुळलेलं आहे. मेंदूत एक मुख्य घड्याळ असतं, ते उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची आपापली घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळेवर लागतात. रात्री इन्शुलिनचा प्रतिसाद मंदावतो, झोपेचं मेलाटोनिन वाढलेलं असतं, त्यामुळे तोच भात दुपारी खाल्ला तर साखर जेवढी चढते त्याहून रात्री तीनला जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. मेंदू फर्स्टला आणि यकृत नाइटला, अशी एकाच माणसाची दोन पाळ्यांत हजेरी लागते. बोस्टनच्या त्या प्रयोगात ज्यांची ही आतली घड्याळं एकमेकांपासून जास्त सरकली, त्यांची मनःस्थितीही जास्त बिघडली.

आता तीन वाजताच्या त्या थाळीकडे बघू. माझ्यापुढे बसलेला माणूस आठवून आठवून सांगतो. भात, डाळ, बटाट्याची भाजी, तीन-चार चपात्या, कधी उसळ, आणि गुरुवारी किंवा महिनाअखेरीला गोड. कॅन्टीनमध्ये भात हवा तेवढा मिळतो, म्हणून पानात भाताचा डोंगर. त्याआधी बाराच्या चहाबरोबर वडापाव. पाच वाजता डोळे मिटायला लागले की अजून एक चहा, दोन चमचे साखरेचा. सकाळी बसमधून उतरल्यावर चौकात पोहे किंवा मिसळ, कारण घरी जाऊन बायकोला उठवायचं जिवावर येतं. चहा किती, असं विचारलं की आधी "दोन-तीन" म्हणतात. बायको बोटं मोजायला लागते आणि आकडा सहावर जातो.

त्या चहाचं गणित मी सगळ्यांना करून दाखवते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. पहाटे पाचला घेतलेल्या कपातला निम्मा माल सकाळी दहालाही रक्तात असतो. आठला झोपलेला माणूस मग गाढ झोपत नाही, भाजीवाल्याच्या हाकेनं जागा होतो, दुपारी दोनला डोकं जड घेऊन उठतो आणि समोर पोरगा दिसला की त्याच्यावर निघतं. घरच्यांना फक्त शेवटचा भाग दिसतो. त्याला ते स्वभाव म्हणतात.

सकाळी मोबाइलवर येणाऱ्या आरोग्याच्या संदेशांबद्दल इथंच सांगते. "केळं खा, सेरोटोनिन वाढेल, आनंदी राहाल" असा एक संदेश गावभर फिरतो. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं आहे. केळ्यात ते असतं हेही खरं. पण आतड्यातलं असो की केळ्यातलं, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मधे एक कडक पहारा आहे. मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो. केळं चांगलंच आहे, जरूर खा, पण ते मन आनंदी करणारं औषध नाही. आतड्याचा आणि मनाचा संबंध याहून वेगळ्या वाटांनी जातो. वेगस नावाचा मज्जातंतू पोटातून मेंदूकडे सतत बातम्या नेत असतो. आणि उसळी, भाजी, भाकरीतला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून जी छोटी आम्लं तयार होतात ती आतड्याचं अस्तर धड ठेवतात आणि शरीरातली बारीक धुसफुसती सूज आटोक्यात ठेवायला मदत करतात. काही लोकांच्या नैराश्यात अशी सूज वाढलेली आढळते. वडापावाच्या मैद्यात जिवाणूंना द्यायला फारसं काही नसतं, मटकीत भरपूर असतं.

आपल्या पुण्याच्या आसपासच ज्याचा सगळ्यात भक्कम अभ्यास झाला आहे, ती गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे. तिचं नाव बी-१२ जीवनसत्त्व. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश बायांमध्ये बी-१२ कमी निघालं. ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या एकाग्रतेच्या आणि स्मरणाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा ज्यांच्या आयांमध्ये गरोदरपणी बी-१२ फार कमी होतं ती मुलं काही चाचण्यांत मागं पडलेली दिसली. २००६ मध्ये याच गटानं ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही पुण्याच्या मध्यमवर्गातले. एकूण ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. हे आजारी लोक नव्हते. चालते-फिरते, कामावर जाणारे पुरुष होते.

बी-१२ मज्जातंतूंवरचं वेष्टण शाबूत ठेवतं आणि मेंदूतली निरोपाची रसायनं बनवण्याच्या साखळीत त्याचं काम असतं. ते कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं, चिडचिड होते, मन खाली जातं. आणि हे सगळं इतकं हळूहळू होतं की माणसाला वाटतं वय झालं.

वनस्पतीत बी-१२ नसतंच म्हणा. मासे, मटण, कलेजी, अंडी, दूध, दही यांतूनच ते मिळतं. इथं आपल्या भागाची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. देहू इथून जवळ, आळंदी जवळ. तुकोबांच्या पालखीचा देहूबाहेरचा पहिला मुक्काम आकुर्डीला असतो. घराघरांत माळकरी आहेत, आणि माळ घातली की अंडंही नाही. ती श्रद्धा मोडायला मी कुणालाही सांगत नाही आणि सांगणार नाही. पण माळकऱ्याच्या पानातून दूध-दहीसुद्धा गेलं असेल, म्हणजे चहात पडतं तेवढंच दूध उरलं असेल, तर बी-१२ येणार कुठून? याज्ञिकांच्या गटानंच तरुण शाकाहारी लोकांना रोज दूध देऊन बी-१२ सुधारतं का ते तपासलं, आणि ते सुधारलं. म्हणून माळकरी पेशंटला मी सांगते, सकाळी कामावरून आल्यावर पेलाभर दूध, दुपारच्या जेवणात वाटीभर दही. चहातलं दूध मोजायचं नाही. तपासणीत खूपच कमी निघालं तर डॉक्टरांकडून गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचं, तिथं दह्यानं भागत नाही.

नाइटवाल्यांच्या बाबतीत यात एक भर पडते. रात्रीच्या तिखट-तेलकटानं छातीत जळजळतं, म्हणून मेडिकलमधून पित्ताची गोळी आणतात आणि ती वर्षानुवर्षं रोज घेतात. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला अडचण येते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-१२ उतरवू शकतं. माझ्यापुढे असा माणूस बसतो जो शाकाहारी आहे, पित्ताची गोळी रोज घेतो, मेटफॉर्मिनही घेतो आणि नाइटही करतो. त्याची बायको म्हणते, स्वभाव बदलला. मी आधी त्याला रक्त तपासायला पाठवते. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हेही तेव्हाच बजावते.

त्या बायकोच्या पानाचं कुणी विचारत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. लोह कमी असलं की धाप लागते एवढंच आपल्याला माहीत असतं. पण कशात मन न लागणं, लहानसहान गोष्टीवर रडू येणं, डोकं न चालणं यांतही त्याचा हात असू शकतो. नवरा नाइटला, मुलगा सकाळच्या शाळेला, सासूबाईंचं पथ्य वेगळं. तिचं जेवण ओट्याशी उभं राहून होतं आणि लगेच वर चहा. जेवणाबरोबरचा चहा मेथीतलं, मसुरातलं लोह शरीरात नीट जाऊ देत नाही. तासाभराचं अंतर ठेवा, पानावर लिंबू पिळा, इतकं साधं सांगणं असतं. ती हसते आणि म्हणते, "तेवढा चहाच तर माझा असतो." म्हणून मी चहा सोडायला सांगत नाही. तो जेवणानंतर तासाभरानं, खुर्चीवर बसून प्यायला सांगते.

या पट्ट्यात आणखी एक माणूस आहे, तो दवाखान्यात सहसा येत नाही. बीडहून, लातूरहून, यवतमाळहून आलेला विशी-बाविशीतला आयटीआय झालेला पोरगा. किवळ्यात किंवा चाकणला कॉट बेसिसवर राहतो. पगारातले पैसे घरी पाठवतो, बहिणीचं लग्न असतं, बापाचं कर्ज असतं, म्हणून मेसचं एक वेळचंच जेवण लावतो. दुसरी वेळ बिस्किटाचा पुडा. हा पोरगा उपाशी आहे हे तो स्वतःही म्हणत नाही, कारण पोट कशानं तरी भरलेलं असतं.

अर्धपोटी राहण्यानं मनाचं काय होतं हे जगाला १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात कळलं. अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुण, धडधाकट स्वयंसेवकांना सहा महिने गरजेपेक्षा बरंच कमी अन्न दिलं. शरीरं वाळली, ते अपेक्षितच होतं. पण मनंही बदलली. हसरे पोरगे गप्प झाले, क्षुल्लक कारणावरून भांडू लागले, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले, मित्रांपासून तुटले. त्यांच्या स्वभावात आधी काही खोट नव्हती. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस जेवू देत नाही, फक्त पाणी. मग वेद म्हणून दाखव म्हणतो, तर पोराला काही आठवत नाही. जेवल्यावर सगळं परत येतं. मन अन्नाचं बनलेलं आहे हे त्यानं मुलाला असं दाखवून दिलं. ही गोष्ट मी त्या पोरांना सांगते, जेव्हा एखादा मित्राबरोबर येतो. मेस लावताना एक वेळ वाचवू नको, म्हणते. अगदीच जमत नसेल तर खोलीत भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ ठेव, दोन अंडी उकड. बिस्किटांपेक्षा खर्च फार होत नाही. आणि शक्यतो तिघाचौघांनी एकत्र बसून खा. पार्सल उघडून मोबाइलसमोर एकट्यानं जेवणारा पोरगा किती दिवस कुणाशी बोलला नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

अन्न बदलून नैराश्य खरंच कमी होतं का, याचा थेट प्रयोग ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटानं केला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण, बारा आठवडे. बहुतेकांचे उपचार चालूच होते. निम्म्यांना आहारतज्ज्ञाचं मार्गदर्शन मिळालं: भाज्या, कडधान्यं, अखंड धान्यं, फळं, मासे, सुकामेवा वाढवा, गोड आणि पाकीटबंद कमी करा. उरलेल्या निम्म्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत. आहाराच्या गटात सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, सोबतीच्या गटात ८ टक्के. प्रयोग छोटा होता आणि आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना माहीत होतं, त्यामुळे आकडा थोडा हात राखूनच घ्यावा. मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. त्यांचं नवं खाणं आधीच्या खाण्यापेक्षा स्वस्त पडलं.

लोक मला विचारतात, ऑलिव्ह तेल आणू का? कशाला? ज्वारीची भाकरी, मसुराची आमटी, मेथी, गवार, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, दही, अंडं, बुधवारी बांगडा किंवा सुकट. जवसात आणि बांगड्यात चांगली चरबी आहेच. हे सगळं आकुर्डीच्या भाजीबाजारात आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं.

औषध चालू असलेल्या माणसानं भाकरी-चटणीच्या भरवशावर ते सोडू नये, हे मी फार कळकळीनं सांगते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगण्यात रस नाही, जीव द्यावासा वाटतो, असं असेल तर आहारतज्ज्ञाकडे नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. नाइटला जायच्या आधी लावा, नाइटवरून आल्यावर लावा.

बाकीच्यांना मी आईचाच नेम जरा सुधारून देते. निघायच्या आधी घरी पोटभर जेवण, त्यात उसळ किंवा अंडं हवंच. बाराच्या सुमारास काही हलकं. त्यानंतर पहाटेपर्यंत जमेल तितकं कमी, फार तर मूठभर फुटाणे, ताक, पाणी. शेवटचा चहा दोनच्या आधी. घरी आल्यावर थोडं खाऊन झोप. मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी आणि भट्टीसमोर किंवा वजन उचलण्याचं काम करणाऱ्यांनी हे तसंच्या तसं उचलू नये, त्यांचं वेगळं बसवावं लागतं.

पण हा नेम पाळणारा माणूस मला दोन आठवड्यांनी सांगतो, मॅडम, जेवणाची सुट्टीच अडीचला आहे. बाराला कॅन्टीनमध्ये फक्त वडा असतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली, आणि ते चालवण्याच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधीही घ्यायला सांगितलं. अशा समित्यांवर असलेले काही जण माझे पेशंट आहेत. थाळीचा भाव, भाताचा दर्जा, सणाचं गोड यांवर तिथं तावातावानं बोलणं होतं. रात्रीचं मुख्य जेवण अकरा-बाराला आणा, अडीचला उकडलेलं अंडं, मोडाची मटकी आणि ताक ठेवा, पहाटे सहाला गेटवर दूध आणि उपमा द्या, ही मागणी कुणी अजून कागदावर घेतलेली नाही. पुढच्या कराराची बोलणी सुरू होतील तेव्हा हा मुद्दा घाला, असं मी त्यांना सांगते. मसुदा मी लिहून देईन, आणि व्यवस्थापनानं बोलावलं तर समजावून सांगायला चाकणलाही येईन.